वडापावच्या जुन्या तेलावर वाढवलेले जिवाणू

वडापावच्या गाडीवर तळून तळून काळं पडलेलं तेल जिवाणूंना खायला द्यायचं आणि त्यांच्याकडून साबणाचं काम करणारा पदार्थ बनवून घ्यायचा, हा माझा एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. जिवाणूंनी बनवलेल्या अशा पदार्थांना बायोसर्फॅक्टंट म्हणतात. या विषयावर काहीही वाचायला घेतलं की 'स्वस्त कार्बन स्रोत वापरून उत्पादन' हे वाक्य हमखास भेटतं आणि लेखक लगेच पुढे सरकतात. माझा जवळजवळ सगळा वेळ त्या एका वाक्यात गेला. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडं मूळ. पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा कोणताही रेणू म्हणजे सर्फॅक्टंट. त्याचा एक भाग पाण्याकडे ओढ घेतो, दुसरा तेलाकडे. रिठ्यातलं सॅपोनिन हेच करतं आणि डिटर्जंटमधली पेट्रोलियमपासून बनवलेली रसायनंही. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचं सर्फॅक्टिन, जे जपानी संशोधकांनी १९६८ साली वेगळं केलं, तो २७ पर्यंत खाली आणतं. स्यूडोमोनास एरुजिनोसा बनवतो ते रॅम्नोलिपिड. रॅम्नोज साखरेचे एक किंवा दोन रेणू आणि त्यांना चिकटलेली मेदाम्लं, अशी त्याची रचना १९४९ पासून माहीत आहे. आमचं काम मुख्यतः या रॅम्नोलिपिडवर होतं.

हा विषय माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सुचवला त्याला जागेचं कारण होतं. ऑगस्ट २०१० मध्ये एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही दोन जहाजं मुंबई बंदराजवळ एकमेकांवर आदळली, तेव्हा सांडलेलं तेल इकडे ठाण्याच्या खाडीतल्या तिवरांपर्यंत आलं होतं. मॅडमनी तेव्हाची काळी मुळं स्वतः पाहिली होती. चिखलात रुतलेलं तेल हाताने काढता येत नाही, आणि ते सोडवायला ओतलेलं रसायन पुन्हा खेकड्या-माशांच्या जिवावर उठू शकतं. त्याच खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिथे वापरायचं झालं तर विरघळून, कुजून संपणारं काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

जिवाणू शोधायला आम्ही तुर्भ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूच्या गॅरेजांकडे गेलो. वर्षानुवर्षं इंजिन ऑइल मुरलेली तिथली माती बोटांना ओशट लागते. ती चमचाभर माती फक्त क्षार आणि थोडं डिझेल असलेल्या पाण्यात टाकून शेकरवर ठेवली. खायला दुसरं काहीच नसल्यामुळे डिझेल पचवणारेच तगतात, बाकीचे मागे पडतात. त्यातून काही पिढ्या पुढे नेल्यावर जे उरले त्यांना सीटॅब आणि मिथिलीन ब्ल्यू ही रसायनं घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या माध्यमाच्या प्लेटवर पसरलं. रॅम्नोलिपिड बनवणाऱ्यांच्या भोवती त्या फिक्या निळ्या प्लेटवर गडद निळं वलय उठतं. आमच्या एका वसाहतीभोवती ते इतकं ठसठशीत आलं की लॅबमधल्या काकांनीही प्लेट उजेडात धरून बघितली.

पण या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली चाचणी म्हणजे तेल सरकवण्याची. मोठ्या पेट्री डिशमध्ये पाणी घ्यायचं आणि त्यावर वापरलेल्या इंजिन ऑइलचे काही थेंब सोडायचे. तेल पसरून पातळ तपकिरी थर होतो. मग ब्रॉथचा, म्हणजे ज्यात जिवाणू वाढवले त्या पाण्याचा, जिवाणू काढून टाकून निवळ केलेला फक्त एक बारीक थेंब मधोमध ठेवायचा. साध्या पाण्याचा ठेवला तर काही होत नाही. आमच्या ब्रॉथचा ठेवला की तेल एकदम कडेकडे पळतं आणि मध्ये स्वच्छ गोल उघडतो, खालचा डिशचा तळ दिसतो. गोल जितका मोठा तितका सर्फॅक्टंट जास्त. पट्टी लावून व्यास मोजायचा, एवढंच. महागडं यंत्र लागत नाही आणि डोळ्यांसमोर होतं ते खरं वाटतं.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण कमी खर्चाच्या उत्साहात ती राहून जाते. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा संधिसाधू रोगजंतू आहे. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांत आणि अशक्त फुफ्फुसांत तो ठाण मांडतो आणि बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. द्राक्षांसारखा त्याचा गोडसर वास आणि ब्रॉथला येणारा निळा-हिरवा रंग यांना भुलून ढिलेपणा करू नये. सेफ्टी कॅबिनेट, हातमोजे आणि टाकण्याआधी प्रत्येक फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक, यात आमच्याकडे सवलत नव्हती. घरी स्वयंपाकघरात करून बघायचा हा प्रयोग नाही. तेलाबरोबर आम्ही साखर कारखान्यातली मळीही वापरून बघितली, त्या कामासाठी निरुपद्रवी बॅसिलस सबटिलिस घेतला, तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या जिवाणू संग्रहातून मागवला होता.

आता तेल. कोपरखैरणे स्टेशनजवळ ज्या गाडीवर आम्ही नेहमी खायचो त्या दादांकडे गेले. "जुनं तेल? साबण करणार का?" त्यांनी विचारलं. "तसंच काहीतरी, दादा," मी म्हटलं. "ने की. पण थोडंच देईन हां, बाकीचं नेणारा येतो." हे मला नवीन होतं. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे की तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, आणि त्याच वर्षी वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजनाही सुरू झाली. म्हणजे या तेलाला आता गिऱ्हाईक आहे. संशोधन निबंधात ज्याची किंमत शून्य धरलेली असते, ते बाजारात शून्य नसतं.

तेल आणलं, पंचातून गाळलं. ऑटोक्लेव्हमधली वाफ तेलात शिरत नाही, म्हणून तेल वेगळं, कोरड्या उष्णतेवर, १६० अंशाला दोन तास ठेवून निर्जंतुक केलं. मग क्षार आणि सोडियम नायट्रेट असलेल्या माध्यमात दोन टक्के मिसळून जिवाणू सोडले. सोबत नेहमीप्रमाणे एक फ्लास्क जिवाणू न घालता ठेवला, तुलनेसाठी.

आणि तुलनेच्या त्या फ्लास्कनेच आम्हाला कामाला लावलं. जिवाणू नसलेल्या त्या ब्रॉथचा थेंबही डिशमधलं तेल सरकवत होता. गोल लहान होता, पण होता. दूषित झालंय का बघितलं, तर प्लेटवर काहीच वाढलं नाही. मॅडमनी शांतपणे विचारलं, "तेलाचं आम्लमूल्य काढलंस का?" तेलात मोकळी मेदाम्लं किती हे सांगणारा तो आकडा. काढला, आणि उत्तर मिळालं. तेल वारंवार तापतं, त्यात वड्यातलं पाणी पडतं, आणि तेलाचे रेणू फुटून मेदाम्लं मोकळी होतात. उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माध्यमात त्या मेदाम्लांतली थोडीफार साबण होतात. म्हणजे आमचा कच्चा मालच आपल्याबरोबर थोडा सर्फॅक्टंट घेऊन आला होता. जितकं जुनं तेल तितका हा भाग जास्त. ज्यांनी ताज्या तेलाच्या तुलनेत जुन्या तेलावर 'जास्त उत्पादन' मिळाल्याचं लिहिलं आहे, त्यांनी जिवाणूविरहित फ्लास्क त्याच तेलाचा ठेवला होता का, हा प्रश्न मी आता प्रत्येक वेळी विचारते. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक डब्याचं आम्लमूल्य वहीत लिहिलं जाई आणि प्रत्येक डब्याचा स्वतःचा कोरा फ्लास्क असे.

डब्यांची आणखी एक गंमत होती, ती समजायला वेळ लागला. एकाच गाडीवरचे दोन डबे, आम्लमूल्य जवळपास सारखं, तरी एकात वाढ दाट आणि रॅम्नोलिपिड मात्र उशिरा. दादांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. एक डबा कढईतलं वरचं तेल होतं, दुसरा रात्री कढई रिकामी करताना तळाचं. वर तरंगणारा चुरा चुरापावात जातो, पण बारीक कण तळाशी बसतात, आणि ते पंचातून निसटतात. ते कण बेसनाचे. बेसनात वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त प्रथिनं असतात, आणि प्रथिनं म्हणजे नायट्रोजन.

रॅम्नोलिपिडच्या बाबतीत सगळा खेळ इथे आहे. कार्बन भरपूर आहे पण नायट्रोजन संपला, अशा अडचणीत सापडल्यावर हा जिवाणू वाढ थांबवतो आणि हाती असलेला कार्बन रॅम्नोलिपिडकडे वळवतो. त्यासाठी त्यांची संख्याही पुरेशी लागते, कारण एकमेकांना रासायनिक निरोप देऊन गर्दी झाल्याची खात्री पटल्यावरच संबंधित जनुकं जागी होतात. म्हणून पदार्थ वाढीच्या भरात मिळत नाही, वाढ थांबताना मिळतो. कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण १६ ते १८ च्या दरम्यान चांगलं, ११ च्या खाली गेलं की उत्पादन नाही, असे आकडे जुन्या कामांतून मिळतात. खातरजमा म्हणून आम्ही ताज्या तेलात मुद्दाम बेसन वाढत्या प्रमाणात घालून बघितलं. जितकं बेसन जास्त, तितका डिशमधला गोल मोठा व्हायला उशीर. नायट्रोजन संपेपर्यंत जिवाणू नुसते वाढत होते. मग आम्ही तेल आधी एक रात्र स्थिर ठेवून, वरचं घेऊन, सेंट्रिफ्यूज करून वापरू लागलो. तेव्हा कुठे डबे एकसारखे वागायला लागले.

मळीची कथा वेगळी. साखर कारखान्यातली शेवटची मळी जाड, काळी, आणि तिच्यात जवळजवळ निम्मी साखर. बॅसिलस तिच्यातली सुक्रोज सहज खातो. पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, तिच्यापासून दारू होते म्हणून, त्यामुळे ती किराणा मालासारखी उचलून आणता येत नाही. कॉलेजच्या पत्रावर थोडी मिळाली. रंग हा तिचा मोठा त्रास. जिवाणू किती वाढले हे आपण ब्रॉथच्या गढूळपणावरून मोजतो, आणि इथे ब्रॉथ मुळातच काळा. त्यामुळे पेशी धुऊन, वाळवून, वजन करावं लागलं. तुलनेसाठी स्यूडोमोनासलाही मळीवर वाढवून बघायचं होतं. तो सुक्रोज सहसा खात नाही, म्हणून आधी मळीला सल्फ्युरिक आम्ल घालून उकळायचं. त्याने सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि बराच गाळही खाली बसतो.

मोजमापातही मळी आडवी येते. रॅम्नोलिपिड मोजायची नेहमीची रीत ऑर्सिनॉलची: आम्लात ८० अंशाला अर्धा तास तापवायचं, रॅम्नोजमुळे रंग येतो, तो ४२१ नॅनोमीटरला वाचायचा. पण ऑर्सिनॉलला साखर म्हणजे साखर. मळीतली उरलेली साखरही रंग देते आणि आकडा फुगतो. आधी ईथरने रॅम्नोलिपिड बाजूला काढून, ईथर उडवून, मग चाचणी केली की आकडा एकदम खाली येतो, आणि तोच खरा.

पनीरची निवळीही आणून बघितली होती, घणसोलीच्या एका डेअरीतून. ती गटारात गेली की पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने संपवते, त्यामुळे तिचा उपयोग झाला तर फार बरं. पण तिच्यातली साखर म्हणजे लॅक्टोज, आणि आमच्या दोन्ही जिवाणूंना लॅक्टोज नीट पचत नाही. शिवाय निवळीत प्रथिनं. तो नाद लवकर सोडला.

फेसाबद्दल सांगायलाच हवं. ज्या कारणासाठी पदार्थ बनवायचा तेच कारण फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीत, अडचण होतं. फ्लास्कमध्ये पाचवा हिस्साच भरला तर निभावतं, पण दोन लिटरच्या फर्मेंटरमध्ये खालून हवा सोडली की फेस वर चढत जातो, बाहेर जाणाऱ्या हवेच्या फिल्टरपर्यंत. फिल्टर ओला झाला की हवा अडते आणि बाहेरचे जंतू आत यायची भीती. सिलिकॉनचा अँटिफोम घातला तर तो स्वतःच पृष्ठताणाचे आकडे बिघडवतो. कॅनडातल्या संशोधकांनी १९८१ साली सर्फॅक्टिनसाठी सरळ फेसच बाहेर काढून गोळा करायची युक्ती वापरली होती. आम्ही तीच धरली, बॅसिलससाठी. बाहेर आलेला फेस निर्जंतुक बाटलीत जमा होतो, खाली बसतो, आणि त्यात मूळ ब्रॉथपेक्षा सर्फॅक्टिन दाट असतं. वेगळं करण्याचं निम्मं काम फेसानेच केलेलं असतं.

वेगळं करणं हा मात्र खर्चाचा खरा डोंगर. तेलावर वाढवलेल्या ब्रॉथमधलं उरलेलं तेल आधी हेक्झेनने काढायचं. पेशी सेंट्रिफ्यूजने काढायच्या. मग हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २ वर आणायचा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं, म्हणजे पदार्थ पाण्यातून वेगळा होऊन खाली बसतो. तो इथाइल असिटेटमध्ये घ्यायचा, रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक उडवायचं. फ्लास्कच्या भिंतीला मधाळ रंगाचा चिकट थर उरतो. तो खरवडून घेतला तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि त्याच संध्याकाळी मी मॅडमबरोबर खर्चाचा हिशोब केला. द्रावकाच्या बाटल्या, वीज, मग शुद्धता बघायला लागणाऱ्या टीएलसीच्या प्लेट, यांच्यापुढे तेलाची किंमत नगण्य होती. मी तेल फुकट आणलं काय किंवा दुकानातून विकत आणलं काय, शुद्ध पदार्थाच्या किमतीत फारसा फरक पडला नसता.

हे कळल्यावर स्लोव्हाकियातल्या कारखान्याची गोष्ट नीट समजली. इव्हॉनिक या जर्मन कंपनीने तिथे २०२४ मध्ये रॅम्नोलिपिडचा मोठा कारखाना सुरू केला. तिथे जिवाणूंना खायला काय देतात? मक्याची साखर. वापरलेलं तेल नाही. ज्यांना सौंदर्यप्रसाधनांत आणि भांडी घासायच्या साबणात घालण्याजोगा एकसारखा माल दरवेळी हवा, ते कच्च्या मालाचे पैसे मोजायला तयार असतात, कारण डब्यागणिक बदलणारं तेल त्यांना पुढच्या शुद्धीकरणात जास्त महाग पडेल.

मग आमच्या तेलाचं काय? माझं मत असं झालं आहे की टाकाऊ मालावर बनवलेला पदार्थ शुद्ध करायच्या मागे लागूच नये. जिथे शुद्धतेची गरज नाही तिथे तो ब्रॉथच्याच रूपात वापरावा: तेलाच्या टाक्यांचा तळचा गाळ काढणं, गॅरेजची जमीन, तेल मुरलेली माती. रॅम्नोलिपिड उष्णतेला टिकतं. ब्रॉथ ऑटोक्लेव्ह केला तरी त्याची ताकद जात नाही, आणि जिवाणू मात्र मरतात, म्हणजे रोगजंतूची भीतीही संपते. ना द्रावक लागतं, ना इव्हॅपोरेटर.

प्रोजेक्टच्या शेवटी आम्ही तेच केलं. तुर्भ्याच्या त्याच गॅरेजची माती तीन फ्लास्कमध्ये सारखी वजन करून घेतली. एकात साधं पाणी, एकात बाजारात मिळणारं एसडीएस हे डिटर्जंट, एकात जिवाणू मारलेला आमचा ब्रॉथ. शेकरवर फिरवून मग स्थिर ठेवले. साध्या पाण्यावर जेमतेम तवंग आला. बाकी दोन्हींत पाणी तपकिरी झालं आणि वर तेलाचा स्पष्ट थर. मातीत उरलेलं तेल हेक्झेनने काढून वजन केलं तेव्हा एसडीएस थोडं पुढे निघालं, आमचा ब्रॉथ त्याच्या मागोमाग. मॅडम त्यावर समाधानी नव्हत्या. तेल किती निघालं याबरोबर मागे राहिलेल्या मातीचं काय झालं हेही मोजलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच आहे. एसडीएसने धुतलेली माती आणि ब्रॉथने धुतलेली माती यांत मेथी आणि मुगाचं बी किती रुजतं, ही चाचणी आता माझ्या मागच्या वर्षाची मुलगी करते आहे. दादांकडचे डबे, आम्लमूल्यांची वही आणि वरचं तेल की तळाचं हे विचारायची आठवण, हे सगळं मी तिच्याकडे सोपवलं आहे.